‘मुंबईकडून’ : एका संघनामाची व्याप्ती आणि रणजी करंडकाचा २०२३–२४ चा हंगाम

केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी या किनाऱ्यावरील गावांतून कोणी पहाटेची गाडी पकडावयास निघाला, तर तो ‘मुंबईला जातो’ असे म्हटले जाते. ‘-ला’ हा प्रत्यय येथे गंतव्यस्थान दाखवितो; बोलणारा ज्या जागी उभा आहे ती जागा मुंबई नव्हे, हे त्या वाक्यात गृहीत धरलेले असते. परंतु तोच बोलणारा क्रिकेटविषयी बोलू लागला म्हणजे ‘आपली मुंबई जिंकली’ असे सहज म्हणून जातो, आणि माहीमचा शार्दूल ठाकूर ‘मुंबईकडून खेळतो’ असे अभिमानाने सांगतो. एका वाक्यात मुंबई दूरची आहे, दुसऱ्यात ती आपली आहे. विशेषनाम तेच, बोलणारा तोच. बदलला आहे तो केवळ प्रत्यय. प्रत्ययाबरोबर नामाचा संदर्भही बदलतो का, आणि बदलत असल्यास कशाच्या बळावर बदलतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचा विचार अमूर्त उदाहरणांवरून करण्यापेक्षा एका प्रत्यक्ष हंगामाच्या आधारे करणे अधिक उपयुक्त ठरेल. रणजी करंडक स्पर्धेचा २०२३–२४ चा हंगाम त्या दृष्टीने सोयीचा आहे. त्या हंगामात मुंबईने आठ वर्षांच्या खंडानंतर करंडक जिंकला. त्या यशाचे काही निर्णायक क्षण मुंबई शहराच्या सीमेबाहेर वाढलेल्या खेळाडूंनी घडविले, आणि अंतिम सामन्यात समोर उभा राहिलेला संघही महाराष्ट्र राज्यातीलच, म्हणजे विदर्भाचा होता.

१. संघनाम आणि प्रदेश

रणजी करंडक स्पर्धा १९३४–३५ मध्ये सुरू झाली आणि पहिलाच करंडक मुंबईने जिंकला. त्या काळी स्पर्धेत उतरणाऱ्या संघांची नावे तत्कालीन राजकीय नकाशावरून आलेली होती. संस्थाने होती, प्रांत होते, आणि ज्यांना एका शब्दात बसविणे कठीण असे प्रदेशही होते. नवानगरने १९३६–३७ मध्ये करंडक जिंकला. होळकर संघाने पुढे चार वेळा तो मिळविला. संस्थाने गेली, राज्यांची पुनर्रचना झाली आणि होळकर हे संघनाम व्यवहारातून नाहीसे झाले. परंतु सर्वच जुनी नावे अशी लुप्त झाली नाहीत. आजच्या गुजरात राज्यात गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र असे तीन संघ आहेत. महाराष्ट्र राज्यातही मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ आहेत. पुणे, नाशिक, कोल्हापूर यांचा समावेश ज्या ‘महाराष्ट्रा’त होतो, त्यात नागपूर नाही आणि मुंबईही नाही. राज्याचे नाव ‘महाराष्ट्र’ आणि संघाचे नाव ‘महाराष्ट्र’ ही उच्चाराने एक असली तरी त्यांचे संदर्भक्षेत्र एक नव्हे. भूस्तरांत जसे जीवाश्म सापडतात, तसा या संघनामांत पूर्वीच्या सीमांचा ठसा सापडतो.

‘मुंबई’ या संघनामाची गोष्ट याहून थोडी निराळी आहे. इंग्रजी धावफलकांत या संघाचे नाव बदलले ते १९९० च्या दशकात, शहराचे इंग्रजी नाव बदलल्यानंतर. मराठीत असा बदल करावाच लागला नाही, कारण मराठीत शहर आणि संघ ही दोन्ही प्रथमपासूनच ‘मुंबई’ होती. नाव स्थिर राहिले. त्याचे क्षेत्र मात्र विस्तारत गेले. मुंबई क्रिकेट संघटनेच्या कक्षेत शहर आणि उपनगरे यांच्या जोडीला ठाणे व पालघर या जिल्ह्यांचा पट्टाही येतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. पण महसुली नकाशावरची ही नवी रेषा क्रिकेटच्या नकाशावर उमटली नाही. वसई–विरारपासून पालघर, बोईसर–तारापूर, डहाणूपर्यंतचा मुलगा प्रशासनाच्या दृष्टीने पालघर जिल्ह्याचा रहिवासी, आणि क्रिकेटच्या दृष्टीने मुंबईचा उमेदवार होय.

येथे व्याकरणाची एक लहानशी बाब लक्षात घेण्यासारखी आहे. ‘संघ’ हा शब्द पुल्लिंगी आहे. असे असूनही मराठीत ‘मुंबई जिंकली’, ‘दिल्ली हरली’, ‘विदर्भ हरला’, ‘महाराष्ट्र जिंकला’ असेच म्हटले जाते. ‘मुंबई जिंकला’ हे वाक्य, ‘मुंबईचा संघ’ हा अर्थ मनात धरला तरी, मराठी कानाला खटकते. म्हणजे क्रियापदाची संगती अध्याहृत ‘संघा’शी होत नाही, ती स्थलनामाशी होते. अकरा माणसे मैदानावर उतरलेली असतात. व्याकरणाने मात्र जिंकणारी असते ती नगरी. ‘मुंबईचा संघ’ या पदबंधाचा संक्षेप म्हणून संघनामाचे स्पष्टीकरण करणे म्हणूनच अपुरे आहे. हा लक्षणेचा व्यापार आहे, आणि त्यात स्थळ आपले लिंग, आपले वचन आणि आपल्याविषयीची ममता घेऊन संघाच्या जागी येऊन उभे राहते. ‘आपली मुंबई’ म्हणताना केळव्याचा माणूस अकरा खेळाडूंविषयीच बोलत असतो. पण भाषा त्याच्या तोंडी शहर घालते.

२. ‘केळवे-माहीम’ हा जोड

ज्या परिसरातून या प्रश्नाकडे पाहावयाचे आहे, त्याच्या नावातच या प्रश्नाचे बीज आहे. माहीम नावाची दोन ठिकाणे प्रसिद्ध आहेत : एक मुंबई बेटावरचे, आणि दुसरे तेथून उत्तरेस, केळव्याला लागून असलेले. दोहोंत घोटाळा होऊ नये म्हणून उत्तरेकडच्या माहीमला ‘केळवे-माहीम’ असे जोडनाव मिळाले. वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली संपादून प्रसिद्ध केलेल्या बखरीच्या नावातही ‘महिकावती’ आणि ‘माहीम’ ही दोन रूपे ‘ऊर्फ’ या शब्दाने जोडलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आजच्या पालघर तालुक्याच्या परिसराची नोंद ‘माहीम’ या उपविभागाच्या नावाखाली आहे. लोहमार्ग किनाऱ्यापासून काही अंतर राखून पूर्वेकडून गेला, त्यावरचे पालघर वाढले, आणि तालुक्याला व पुढे जिल्ह्यालाही त्याचे नाव मिळाले. माहीम हे नाव मागे राहिले, आणि तेही केळव्याच्या आधाराने.

नारळ-पोफळीच्या वाड्या, नागवेलीची पाने, शीतलादेवीचे मंदिर, वाळूतला लहानसा जलदुर्ग आणि मासेमारी ही या किनाऱ्याची ओळख आहे. वाडवळी, मांगेली, वारली अशा बोली या पट्ट्यात एकमेकींना लागून बोलल्या जातात. याच किनाऱ्यावर तारापूर येथे १९६९ मध्ये देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले, आणि बोईसरभोवती औद्योगिक वसाहत उभी राहिली. अशा या भागाला मुंबईशी जोडणारा खरा दुवा म्हणजे पश्चिम रेल्वे. चर्चगेटहून विरार ६० किलोमीटरांवर आहे. त्यापुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि डहाणू रोड ही स्थानके येतात. पालघर चर्चगेटपासून सुमारे ९० किलोमीटरांवर आहे. उपनगरी गाड्या विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या त्या एप्रिल २०१३ मध्ये.

शार्दूल ठाकूर याचा जन्म १६ ऑक्टोबर १९९१ चा. माहीमहून पालघर स्थानक, आणि पालघरहून गाडीने मुंबई, असा प्रवास तो खांद्यावर क्रिकेटच्या साहित्याची जड पिशवी घेऊन करीत असे, हे त्याच्या अनेक मुलाखतींतून प्रसिद्ध झालेले आहे. शालेय वयात त्याचा खेळ प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेस पडला. त्यांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत आणले, आणि रोजच्या प्रवासाचा प्रश्न सुटावा म्हणून आपल्या घरी ठेवून घेतले. २०१२–१३ च्या हंगामात त्याने मुंबईकडून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. तारखांचा हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. रेल्वेने पालघरला ‘उपनगर’ मानून तेथवर लोकल नेली ती २०१३ मध्ये. माहीमचा मुलगा त्यापूर्वीच ‘मुंबई’ झालेला होता. क्रिकेटच्या ‘मुंबई’ची व्याप्ती रेल्वेच्या ‘मुंबई’च्या पुढे गेलेली होती, परंतु त्या दोहोंतले अंतर कोणीतरी आपल्या पायांनी आणि झोपेने भरून काढावे लागत होते.

३. स्पर्धेची रचना

२०२३–२४ मध्ये रणजी स्पर्धेत एकूण ३८ संघ होते. त्यांपैकी ३२ संघ एलिट विभागाच्या चार गटांत, प्रत्येकी आठ याप्रमाणे विभागलेले होते, आणि उरलेले सहा संघ प्लेट विभागात होते. एलिट विभागातील प्रत्येक संघाने आपल्या गटात सात सामने खेळावयाचे, आणि प्रत्येक गटातील पहिले दोन संघ उपउपांत्य फेरीत जावयाचे, अशी योजना होती. साखळी सामने चार दिवसांचे आणि बाद फेरीचे सामने पाच दिवसांचे होते.

गुणदानाची पद्धत समजल्याशिवाय हंगामाचा अर्थ लागत नाही. निर्णायक विजयाला ६ गुण मिळतात. तो विजय डावाने किंवा १० गडी राखून असेल तर आणखी १ गुण मिळतो. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्या संघाला ३ गुण आणि दुसऱ्याला १ गुण मिळतो. बाद फेरीत सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातील आघाडीच विजेता ठरविते. यामुळे या स्पर्धेत ‘आघाडी’ या शब्दाला एक पारिभाषिक वजन प्राप्त झाले आहे. एरवी आघाडी ही वाटेतली अवस्था असते; येथे ती स्वतःच एक निकाल होऊ शकते.

४. साखळी फेरी

हंगामाचा आरंभ मुंबईच्या दृष्टीने उत्साहवर्धक नव्हता. मर्यादित षटकांच्या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धांत तिला उपउपांत्य फेरीतच थांबावे लागले होते : सय्यद मुश्ताक अली करंडकात बडोद्याने आणि विजय हजारे करंडकात तामिळनाडूने तिला हरविले होते. ही दोन नावे पुढे पुन्हा येणार आहेत.

रणजी स्पर्धेत मुंबई ‘ब’ गटात होती. अजिंक्य रहाणे कर्णधार आणि ओंकार साळवी प्रशिक्षक होते. पहिला सामना ५ जानेवारी २०२४ रोजी पाटण्यात बिहारविरुद्ध सुरू झाला. त्या दिवशी जे घडले ते संघनामाच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारे आहे. बिहारच्या संघटनेतील दोन गटांनी निवडलेले दोन निरनिराळे संघ मैदानावर हजर झाले, आणि दोघांनीही आपण ‘बिहार’ असल्याचे सांगितले. अखेर संघटनेच्या अध्यक्षांच्या बाजूने निवडलेला संघ खेळला. स्थलनाम संघाला आपोआप चिकटत नाही. ते कोणीतरी, कोणत्यातरी अधिकाराने द्यावे लागते, हे त्या सकाळी उघड झाले. सामन्यात मुंबईने २५१ धावा केल्या आणि बिहारचे दोन्ही डाव प्रत्येकी १०० धावांत संपवून एक डाव आणि ५१ धावांनी विजय मिळविला. मोहित अवस्थीने पहिल्या डावात २७ धावांत ६ बळी घेतले.

त्यानंतर आंध्रवर १० गडी राखून आणि थुंबा येथे केरळवर २३२ धावांनी विजय मिळाला. वानखेडे मैदानावर उत्तर प्रदेशाने मात्र मुंबईचा २ गडी राखून पराभव केला. साखळीतील मुंबईची ही एकमेव हार. पुढे कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर बंगालला एक डाव आणि ४ धावांनी हरविताना अवस्थीने सामन्यात १० बळी मिळविले. रायपूरचा छत्तीसगडविरुद्धचा सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातील आघाडीचे ३ गुण मिळाले. त्या सामन्यात विरारमध्ये वाढलेल्या पृथ्वी शॉने दीडशतक आणि भूपेन लालवानीने शतक काढले. शेवटच्या साखळी सामन्यात आसामविरुद्ध शार्दूल ठाकूरने २१ धावांत ६ बळी घेतले. आसामचा डाव ८४ धावांत आटोपला, आणि मुंबईने एक डाव आणि ८० धावांनी सामना जिंकला. पाच विजय, एक पराभव, एक अनिर्णित सामना आणि ३७ गुण अशी ही साखळी फेरी होती.

५. बाद फेरी

उपउपांत्य सामना वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर बडोद्याविरुद्ध झाला. मुंबईच्या ३८४ धावांत एकट्या मुशीर खानच्या नाबाद २०३ धावा होत्या. त्या वेळी तो अठराव्या वर्षात नव्हे, तर नुकताच एकोणीस वर्षांच्या उंबरठ्यावर होता. बडोद्याने ३४८ धावा केल्या; म्हणजे मुंबईला ३६ धावांची आघाडी मिळाली, आणि शेवटी तीच निर्णायक ठरली. परंतु हा सामना स्मरणात राहिला तो दुसऱ्या डावातील शेवटच्या जोडीमुळे. ९ बाद ३३७ या धावसंख्येवर तनुष कोटियन आणि कल्याणचा तुषार देशपांडे एकत्र आले आणि त्यांनी दहाव्या गड्यासाठी २३२ धावांची भागीदारी केली. कोटियन १२० धावांवर नाबाद राहिला; देशपांडेने १२३ धावा केल्या. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी एकाच डावात शतके झळकविण्याची प्रथम श्रेणी क्रिकेटमधील ही दुसरीच वेळ होती. पहिली वेळ १९४६ मध्ये ओव्हलवर आली होती, जेव्हा भारतीय संघाकडून चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी सरे संघाविरुद्ध २४९ धावांची भागी केली. सरवटे हे रणजी स्पर्धेत होळकर संघाचे आधारस्तंभ होते. त्या संघाचे नाव गेले. विक्रमाच्या नोंदीत खेळाडू मात्र टिकून राहिला.

उपांत्य सामना त्याच मैदानावर २ मार्चपासून तामिळनाडूविरुद्ध झाला. तामिळनाडूचा पहिला डाव १४६ धावांत संपला. परंतु साई किशोरच्या फिरकीपुढे मुंबईचीही अवस्था ७ बाद १०६ अशी झाली. तामिळनाडूची धावसंख्या ओलांडावयास अजून ४० हून अधिक धावा हव्या होत्या आणि तीनच गडी शिल्लक होते. या वेळी नवव्या क्रमांकावर शार्दूल ठाकूर खेळावयास आला. त्याने यष्टिरक्षक हार्दिक तामोरे याच्यासह आठव्या गड्यासाठी शंभरावर धावा जोडल्या, मग कोटियनच्या साथीने डाव पुढे नेला, आणि १०९ धावा करून प्रथम श्रेणीतील आपले पहिले शतक पूर्ण केले. कोटियन ८९ धावांवर नाबाद राहिला. मुंबईने ३७८ धावा केल्या, तामिळनाडूचा दुसरा डाव १६२ धावांत गुंडाळला, आणि तीन दिवसांत एक डाव आणि ७० धावांनी विजय मिळविला. ज्या दोन संघांनी हंगामाच्या पूर्वार्धात मुंबईला मर्यादित षटकांच्या स्पर्धांतून बाहेर काढले होते, त्यांनाच मागे टाकून ती अंतिम सामन्यात पोहोचली.

अंतिम सामना १० ते १४ मार्च २०२४ या काळात वानखेडे मैदानावर झाला. महाराष्ट्र राज्यातील दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर येण्याचा प्रसंग १९७०–७१ नंतर प्रथमच आला होता; त्या वेळी मुंबईपुढे महाराष्ट्र संघ होता. विदर्भाने प्रथम क्षेत्ररक्षण पत्करले. शॉ आणि लालवानी यांनी ८१ धावांची सलामी दिली, परंतु त्यानंतर डाव कोसळून ६ बाद १११ अशी स्थिती झाली. पुन्हा एकदा ठाकूर पुढे आला. त्याने ६९ चेंडूंत ७५ धावा केल्या आणि मुंबई २२४ पर्यंत पोहोचली. विदर्भाचा पहिला डाव १०५ धावांत संपला. दुसऱ्या डावात मुशीरने १३६, श्रेयस अय्यरने ९५ आणि रहाणेने ७३ धावा केल्या. रणजी अंतिम सामन्यात शतक करणारा मुंबईचा सर्वांत लहान वयाचा फलंदाज हा मान यापूर्वी सचिन तेंडुलकरकडे होता. तो आता मुशीरकडे आला. विदर्भापुढे ५३८ धावांचे लक्ष्य उभे राहिले.

येथे सामना संपला असे पुष्कळांना वाटले असेल. विदर्भाला तसे वाटले नाही. करुण नायरने ७४ धावा केल्या. पाचव्या दिवशी सकाळी कर्णधार अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी उपाहारापर्यंत एकही गडी बाद होऊ दिला नाही. ५ बाद ३५३ अशी मजल मारल्यावर १०२ धावांवर वाडकरला कोटियनने पायचीत केले, आणि उरलेले गडी १५ धावांत बाद होऊन डाव ३६८ वर संपला. शेवटचा बळी धवल कुलकर्णीने घेतला. तो त्याच्या कारकिर्दीचाही शेवटचा चेंडू होता. मुंबईने १६९ धावांनी विजय मिळवून बेचाळीसाव्या वेळी करंडक जिंकला. ५०२ धावा आणि २९ बळी मिळविणारा कोटियन स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

६. वर्णनाची भाषा

हा सारा वृत्तान्त मराठीत सांगता येतो, आणि कोठेही अडखळावे लागत नाही, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. इंग्रजीत ‘विकेट’ हा एकच शब्द तीन यष्ट्यांना, खेळपट्टीला, फलंदाज बाद होण्याला आणि गोलंदाजाच्या मिळकतीला लावला जातो. मराठीने या एका शब्दाची चार ठिकाणी वाटणी केली : यष्टी, खेळपट्टी, गडी आणि बळी. शेवटच्या दोन शब्दांतील भेद विशेष सूक्ष्म आहे. घटना एकच, परंतु फलंदाजी करणाऱ्या संघाच्या अंगाने पाहिले तर ‘गडी बाद होतो’ आणि गोलंदाजाच्या अंगाने पाहिले तर तो ‘बळी मिळवितो’. ‘गडी’, ‘डाव’ आणि ‘बाद’ हे शब्द हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या या देशी खेळांच्या अंगणातून आले. ‘षटक’, ‘निर्धाव’, ‘यष्टिरक्षक’ हे संस्कृताच्या आधाराने घडविले गेले. आकाशवाणीवरून मराठीत समालोचन करणारे बाळ ज. पंडित, जे स्वतः महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळलेले होते, आणि वृत्तपत्रातील क्रीडापृष्ठाला प्रतिष्ठा मिळवून देणारे वि. वि. करमरकर यांसारख्यांनी ही परिभाषा कानाच्या आणि डोळ्यांच्या सवयीची केली.

‘७ बाद १०६’ या रचनेतही मराठीचा स्वभाव दिसतो. इंग्लंडमध्ये आधी धावा आणि मग गडी सांगतात. ऑस्ट्रेलियात आधी गडी आणि मग धावा. मराठीचा क्रम ऑस्ट्रेलियाशी जुळतो, परंतु तो तेथून घेतला असे मानण्याचे कारण नाही. मराठी वाक्यात परिस्थिती आधी येते आणि मुख्य विधान शेवटी. ‘सात गडी बाद असताना एकशेसहा’ हे वाक्य आखडून ‘७ बाद १०६’ झाले. ‘१० गडी राखून’ या प्रयोगातही असाच एक अर्थ दडलेला आहे : विजय म्हणजे केवळ धावा पूर्ण करणे नव्हे, तर खर्च न झालेली माणसे हाती ठेवणे.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. ‘मुंबईकडून’ या रूपातील ‘-कडून’ दोन निरनिराळी कामे करतो. ‘मुंबईकडून विदर्भाचा पराभव झाला’ या वाक्यात तो कर्ता दाखवितो. ‘ठाकूर मुंबईकडून खेळला’ या वाक्यात तो पक्ष दाखवितो. ‘मुंबईला’ किंवा ‘मुंबईत’ या रूपांत मुंबई ही जागा आहे. ‘मुंबईकडून’ या रूपात मुंबई ही बाजू आहे. जागेच्या सीमा मोजता येतात. बाजू मात्र घ्यावी लागते, आणि दुसऱ्याने ती मान्य करावी लागते. केळव्याच्या माणसाच्या दोन वाक्यांत म्हणून विरोध नाही. पहिल्या वाक्यात तो अंतर सांगतो, दुसऱ्यात नाते.

७. उपसंहार

तथापि नात्याने अंतर पुसले जात नाही, हे विसरणे योग्य होणार नाही. ‘मुंबई जिंकली’ या दोन शब्दांत डोंबिवलीत खेळ शिकलेला कर्णधार, कल्याणचा वेगवान गोलंदाज, विरारचा सलामीवीर आणि माहीमचा अष्टपैलू खेळाडू हे सारे सामावतात, आणि त्याच क्षणी दिसेनासेही होतात. वृत्तपत्राच्या मथळ्यात जी एकसंध नगरी उभी राहते, ती प्रत्यक्षात लोहमार्गाच्या कडेने शंभर किलोमीटरांपर्यंत विखुरलेली आहे. मथळ्याला हे सारे सांगणे शक्य नाही, आणि ते त्याचे कामही नव्हे. परंतु ज्या मुलाला घरापासून मैदानापर्यंत जाण्यातच दिवसाचा मोठा भाग घालवावा लागतो, त्याच्यासाठी संघनामाची विशाल व्याप्ती हा केवळ मान नाही. तो एक खर्चही आहे. ठाकूरच्या बाबतीत तो खर्च एका प्रशिक्षकाच्या घराने उचलला. असे घर ज्याला मिळाले नाही त्याचे नाव धावफलकावर येत नाही, आणि म्हणून भाषेच्या अभ्यासकाच्या नोंदीतही येत नाही.

उपांत्य सामन्यात शतक काढल्यानंतर ठाकूरने स्वतःच्या खेळीपेक्षा स्पर्धेच्या वेळापत्रकाविषयी अधिक स्पष्ट शब्दांत बोलणे पसंत केले. दोन सामन्यांमध्ये केवळ तीन दिवसांचे अंतर ठेवले तर वेगवान गोलंदाजांची शरीरे टिकणार नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. पुढील हंगामात, २०२४–२५ मध्ये, रणजी स्पर्धा दोन टप्प्यांत विभागून खेळविण्यात आली. त्या हंगामात नागपूरच्या उपांत्य सामन्यात विदर्भाने मुंबईचा ८० धावांनी पराभव केला आणि नंतर करंडकही जिंकला. वानखेडेवरच्या पाचव्या दिवसाची परतफेड वर्षाच्या आत झाली.

२०२५–२६ च्या हंगामासाठी मुंबईच्या रणजी संघाचे कर्णधारपद शार्दूल ठाकूरकडे देण्यात आले. कर्णधाराच्या बाबतीत भाषा आणखी एक पाऊल पुढे जाते. तो आता ‘मुंबईकडून’ खेळतो एवढेच म्हटले जात नाही. तो ‘मुंबईचा’ कर्णधार असतो. षष्ठीचा हा प्रत्यय स्वामित्व दाखवितो, संबंध दाखवितो आणि मूळस्थानही दाखवितो. माहीमच्या बाबतीत तिसरा अर्थ खरा नाही, पहिले दोन खरे आहेत. केळव्याहून पहाटेची गाडी पकडणारा माणूस अजूनही ‘मुंबईला’ जातो. परंतु त्या गाडीत खांद्यावर बॅटची पिशवी घेतलेला एखादा मुलगा असेल, तर तो मुंबईला जात आहे की मुंबईकडून खेळावयास जात आहे, हे त्या वेळी त्यालाही सांगता येणार नाही. ते पुढे कोणता प्रत्यय त्याच्या वाट्यास येतो यावरून ठरेल.